कोसंबरीतला खडा

स्मृतीचा धंदाच मुळी संशयाचा. मैसूरमधल्या एका वैद्यकीय संशोधन संस्थेत ती संख्याशास्त्रज्ञ होती. एखाद्या रोगाची नवी तपासणी निघाली, की तिच्याबद्दल जगभरात जे काही छापून आलंय ते झाडून सारं गोळा करायचं, पाखडायचं, आणि शेवटी सांगायचं की बाबांनो, हिच्यावर एवढा एवढा भरवसा ठेवा. ह्याला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणतात. दोन-दोन वर्षं खपून तिचं उत्तर बहुतेक वेळा 'फारसा नको' असंच निघायचं. त्यामुळे तपासण्या विकणाऱ्या कंपन्यांची माणसं कॉन्फरन्समध्ये तिच्या टेबलावर जेवायला बसत नसत.

तिचा खास राग एका गोष्टीवर होता. तपासणीनं ज्यांना निवडलं तेवढ्यांचंच पुढे काय झालं ते बघायचं, आणि ज्यांना वगळलं त्यांची कधी विचारपूसच करायची नाही, असं करणारे लोक फार. मग ती तपासणी चुकणार कशी? नापास झालेल्या पोरांचे पेपर कुणी पुन्हा उघडलेच नाहीत, तर मास्तर कायम बरोबरच असतो. स्मृती हे वर्षातून चार वेळा, चार वेगवेगळ्या शहरांत, पोटतिडकीनं सांगायची.

आणि ह्याच बाईच्या स्वतःच्या घरात, सरस्वतीपुरममध्ये, अडतीस वर्षं अशीच एक तपासणी बिनबोभाट चालू होती. तिला मात्र स्मृतीनं कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ही तपासणी तुंगाआत्याची. आत्या म्हणजे स्मृतीच्या वडिलांची थोरली बहीण, वय सत्त्याहत्तर, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, लग्न न केलेली. स्मृतीची आई गेली तेव्हा स्मृती चार वर्षांची होती, आणि तिच्या वेणीपासून पीएचडीपर्यंत सगळं आत्यानंच पाहिलं. थोरले काका लवकर गेल्यामुळे साऱ्या भाऊबंदांच्या मुलींची लग्नं ह्याच घरातून झाली. मुलगा बघायला म्हणून जेवायला आला, की आत्या केळीच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मुगाच्या डाळीची कोसंबरी वाढायची आणि त्यात एक खडा घालायची. डाळीच्या दाण्याएवढाच, गुळगुळीत. तलकाडला देवदर्शनाला गेली की कावेरीच्या वाळूतून असे चार-दोन निवडून आणायची आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत ठेवायची.

नियम सोपा होता. दाताखाली खडा येऊनही ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नाही, तो पास. जो बोलून दाखवतो तो नापास, कारण तो पुढे संसारातला प्रत्येक खडा बोलून दाखवणार. जो गुपचूप गिळतो तोही नापास, कारण तो लबाड. एकानं तो बोटानं काढून पानाखाली सरकवला होता, तर आत्यानं त्याला चिकित्सक ठरवून घरी पाठवलं. हे गुपित घरातल्या बायकांपुरतं होतं. जावयांच्या कानावर ते कधी जाऊ द्यायचं नाही, अशी शपथच होती. आजवर एकोणीस मुलगे बसले, आठ पास झाले, आणि आठही संसार सुखरूप उभे होते. आत्याच्या परीक्षेचा निकाल चुकत नाही, हे घरातल्या पोरीबाळी पाढ्यासारखं म्हणायच्या.

मग विसावा मुलगा आला, आणि तो स्मृतीचा होता.

सुयश सांगलीचा. हूटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तो क्वालिटी इंजिनियर होता, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेत होता. स्मृतीनं घेतलेल्या एका कार्यशाळेत त्यानं तिच्या स्लाइडवरची आकड्यातली चूक भर वर्गात दाखवली, आणि चूक खरोखरच निघाली. तेहतीस वर्षांत तिला कुणी इतकं आवडलं नव्हतं. रविवारी तो जेवायला येणार म्हटल्यावर तिनं त्याला खड्याबद्दल सांगून टाकायचं शंभरदा ठरवलं आणि शंभरदा मोडलं, कारण पेपर फोडणं तिच्या रक्तात नव्हतं. शिवाय तिला मनातून वाटत होतं की हा काही तोंड उघडणार नाही, पाहुणा आहे.

तिसऱ्या घासाला कट्ट असा आवाज आला. सुयशनं खडा काढला, उजेडात धरून निरखला, पानाच्या कडेला नीट ठेवला आणि आत्याकडे वळून म्हणाला, "आत्या, डाळीत खडा आहे. तुम्ही जपून खा हं. ह्या वयात दात दुखावला तर फार त्रास होतो."

खडा बोलून दाखवला हा एक गुन्हा, आणि 'ह्या वयात' हा दुसरा. वर त्यानं डाळ कुठल्या दुकानातून आणता हेही विचारलं, म्हणजे त्या दुकानदाराला सांगता येईल. स्मृतीचे वडील, जगन्नाथराव, म्हणजे घरातले अप्पा, समोरच्या पानावर बसून खाली मान घालून जेवत होते. ते तसेच जेवत राहिले. रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला हा माणूस घरात इतकं कमी बोलायचा, की फोनवरचा राँग नंबर त्यांच्यापेक्षा जास्त बोलून जायचा. काहीही विचारा, त्यांचं एकच उत्तर असे: बघा, तुम्हाला पटेल तसं.

सुयश गेल्यावर आत्यानं निकाल सांगितला. मुलगा वाईट नाही, शिकलेला आहे, पण बेड, आपल्याला नको. ह्या घरच्या मराठीत असे कन्नड शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुरले होते. स्मृतीनं आधी समजावलं, मग वाद घातला, आणि शेवटी आपल्या धंद्यावर आली.

"आत्या, ही परीक्षा कधी चुकली नाही हे तुला कसं गोत्तु, कसं ठाऊक?"

"आठ जावई बघ की गे. एकाचा तरी संसार मोडला काय?"

"आणि ज्यांना नापास केलंस ते?"

"त्यांचं मला एनु? ते गेले की."

हेच ते वाक्य. इतकी वर्षं फालतू शोधनिबंधांच्या तळाशी जे तिला सापडायचं, ते आज तिच्या स्वयंपाकघरात, तिला वाढवलेल्या बाईच्या तोंडून आलं. स्मृतीला राग यावा की हसू, कळेना. ती म्हणाली, मी तुझ्या परीक्षेचीच परीक्षा घेते. मुख्याध्यापिकेला हे आव्हान आवडलं. एक चूक दाखव, आत्या म्हणाली, एकच; नापास केलेला एक जरी उत्तम नवरा निघाला, तरी मी स्वतः सुयशच्या आईला फोन करीन. आणि नाही निघाला तर हा विषय बंद, पुन्हा त्या मुलाचं नाव घरात नाही.

आता कुणी म्हणेल, तेहतीस वर्षांची कमावती बाई, सरळ रजिस्ट्रारकडे जाऊन सही करावी आणि मोकळं व्हावं. सुयशसुद्धा तेच म्हणाला. पण आत्याच्या नकारावर पाय देऊन स्मृतीला बोहल्यावर चढायचं नव्हतं. ज्या बाईनं आपल्यासाठी आयुष्य घातलं, तिला लग्नात कोपऱ्यात तोंड फिरवून बसलेलं पाहणं तिला जमलं नसतं. आणि सुयशला सोडणंही जमणार नव्हतं. तेव्हा उरली एकच वाट: कागद, पेन आणि एकोणीस नावं.

आत्याला एकोणीसही तोंडपाठ होते. गाव, गोत्र, नोकरी, आणि त्या दिवशी आपण कुठली साडी नेसलो होतो हेसुद्धा. स्मृतीनं रीतसर आराखडा केला. प्रत्येक पुरुषाच्या बायकोला, नवरा दुसऱ्या खोलीत असताना, विचारायचं: पुन्हा जन्म मिळाला तर हाच नवरा कराल का, दहापैकी किती मार्क? मग नवऱ्यांना विचारायचं की त्या जुन्या जेवणाची काय आठवण आहे. हा आराखडा तिनं फ्रिजवर चिकटवला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं की संशोधिकेचा ह्यात स्वार्थ आहे. आत्यानं त्यातली शुद्धलेखनाची एक चूक लाल पेननं सुधारून खाली सही केली. अप्पा पाण्याची बाटली काढायला आले, तेव्हा फ्रिजसमोर पाच मिनिटं उभे राहिले आणि मग बाटली घेऊन गेले.

स्वार्थ असलेल्या माणसानं प्रश्न विचारायचे नसतात, आणि घरातल्या कुणालाही पास-नापास ठाऊक होतं. म्हणून ह्या कामाला स्मृतीनं मृदुलाला जुंपलं. मृदुला तिची ऑफिसातली सहकारी, नगरची, सहा वर्षांपूर्वी नोकरीसाठी इथे आलेली, आणि दगडालाही बोलतं करील अशी. तिला फक्त एकोणीस नावं दिली, उलटसुलट क्रमानं. कोण पास, कोण नापास, ते सांगितलं नाही. लोकांना सांगायचं की जुन्या मैसुरी मराठी घरांतल्या पंगतींच्या आठवणी गोळा करतेय, आणि तेही अगदी खरंच होतं. फी ठरली दर घरामागे एक सेट डोसा.

सहा आठवडे मृदुला स्कूटरवर गावभर आणि आसपासच्या गावांत फिरली. नापास अकरांपैकी नऊ सापडले. एक वारला होता, आणि एकाचा पत्ता आत्यालाही लागला नाही. एच. डी. कोट्याला व्यासराज नावाचे निवृत्त शेतकी अधिकारी होते. त्यांनी दीड तास पंगतींवर व्याख्यान दिलं आणि मग तोंडाचा आ करून सरस्वतीपुरममध्ये टवका उडालेली दाढ दाखवली. त्यांच्या बायकोनं दहापैकी नऊ मार्क दिले. एक मार्क कापला, कारण ते झोपेतही बोलतात. उलट सुप्रीता, म्हणजे थोरल्या काकांची मुलगी आणि आत्याच्या परीक्षेची पहिली मानकरी, हिनं आपल्या श्रीवत्सांना सातच दिले. भांडण कधी झालं नाही, ती म्हणाली, पण भांडायला समोरून एखादा शब्द तर यायला हवा. तिच्या मते नवरा उत्तम होता, फक्त घरात आहे की नाही हे चप्पल बघून कळायचं.

शेवटच्या रविवारी दोघी हॉटेलात बसल्या. स्मृतीनं आधी मार्कांच्या बेरजा केल्या. पास जावयांची सरासरी साडेसात आणि नापासांची आठ. नऊपैकी सात बायका पुन्हा त्याच माणसाच्या गळ्यात माळ घालायला तयार होत्या. म्हणजे आत्याची परीक्षा आणि नाणेफेक, दोन्ही सारख्याच. स्मृतीला इतका आनंद झाला, की समोरचा डोसा खायचं तिला भानच राहिलं नाही. तिनं सुयशला मेसेज करायला फोन उचलला.

तेवढ्यात मृदुला म्हणाली की तिला एक गंमत दिसलीय. जेवणाच्या आठवणींवरून तिनं फॉर्मचे दोन गठ्ठे केले होते. एका गठ्ठ्यातल्या सगळ्यांना खडा आठवत होता, अगदी काल दाताखाली आल्यासारखा. दुसऱ्या गठ्ठ्यातल्या एकालाही आठवत नव्हता. आठवत नव्हता म्हणजे काय, खडा कसला, असंच ते सगळे म्हणाले. कोसंबरी फार छान होती. "नऊ आणि आठ," मृदुला म्हणाली. "कसले गट आहेत गं हे?"

स्मृतीनं नावं पाहिली. खडा लागलेले नऊ, ते नऊही नापास. खडा न लागलेले आठ, ते आठही पास. एकही इकडचा तिकडे नाही.

इतका स्वच्छ आकडा तिनं उभ्या कारकिर्दीत पाहिला नव्हता. खऱ्या जगात असं होत नाही. तिथे दोन-चार तरी घसरतातच. असा शंभर टक्क्यांचा आकडा दिसला, की कुणीतरी मध्ये हात घातलाय हे ती डोळे मिटून सांगायची. आठ जावयांनी खडा निमूट सोसला नव्हता. त्यांच्या पानात खडा नव्हताच. आणि आत्या वाढून आत गेल्यावर पाहुणे बसेपर्यंत त्या पानांपाशी घरातलं एकच माणूस जायचं. पाणी ठेवायला, तूप वाढायला, आणि पान नीट सरळ आहे ना ते बघायला. ही घरधन्याची रीत होती, आणि घरधनी म्हणजे अप्पा.

तिला आधी खूप हसू आलं. अडतीस वर्षं अप्पांनी, तोंडातून शब्द न काढता, भाऊबंदांच्या आठ मुलींची लग्नं जुळवली होती, आणि आत्या बापडी आपण परीक्षा घेतोय ह्या भ्रमात! मग हसता हसता ती थांबली, कारण तिला सुयशच्या दाताखालचा कट्ट आठवला. तो खडा कुणी काढला नव्हता.

घरी आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आत्या स्वयंपाकघरात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. स्मृतीनं दोन्ही गठ्ठे तिच्यासमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. मार्क, व्यासराजांची दाढ, आणि शेवटी हळूच, आत्याचा अपमान होऊ नये अशा बेतानं, अप्पांचा हात. आत्या रागावेल, रडेल, निदान सूप तरी आपटेल अशी तिची अपेक्षा होती.

आत्या म्हणाली, "गोत्तु."

"काय गोत्तु?"

"जगन्नाथ खडा काढतो ते." आत्यानं डाळीतली काडी बाजूला केली. "सुप्रीताच्या वेळी मी खरीच परीक्षा घ्यायला घातला होता. सुम्ने, आपलं सहज, खिडकीतनं बघितलं तर हा आला, इकडं तिकडं बघितलं, आणि चिमटीनं काढून शर्टाच्या खिशात टाकला. मला राग आला असता. पण मग वाटलं, अरे, ह्याला मुलगा पसंत आहे की. तोंडानं विचारलं असतं तर काय म्हणाला असता? बघ अक्का, तुला पटेल तसं. घरातल्या पोरीचं लग्न, आणि घरच्या कर्त्याच्या मनात काय आहे ते देवालाबी कळत नाही. नोडु, बघ, मग मी दर वेळी घालत गेले. त्यानं काढला तर हो. ठेवला तर नको. बाकी ते लबाड, चिकित्सक, ते सगळं मी नंतर जोडायची."

स्मृती पाटावर बसली. अडतीस वर्षांची परीक्षा मुलांची नव्हतीच. ती अप्पांच्या मनाची तपासणी होती, आणि तेवढ्यापुरती ती खरोखरच कधी चुकली नव्हती. व्यासराज जिना चढता चढताच राजकारणावर सुरू झाले होते, म्हणून अप्पांनी त्यांचा खडा ठेवला, एवढाच त्यांचा दोष, असं आत्या म्हणाली.

"आणि सुयशचा?"

"ठेवला. मी दोनदा जाऊन बघितलं. खडा तिथंच." आत्याचा आवाज उतरला. "खरं सांगू, मला मुलगा आवडला होता गे. ते ह्या वयात म्हणाला तेवढं सोड. पण तू जगन्नाथची मुलगी. त्यानं ठेवला म्हणजे त्याला काहीतरी दिसलं असणार. बापाच्यावरनं मी कशी जाऊ?"

म्हणजे सहा आठवडे जिच्याशी ती भांडत होती ती बाई भांडणात नव्हतीच. नकार अप्पांचा होता. ज्या माणसानं भाच्या-पुतण्यांच्या नवऱ्यांचे खडे वेचून काढले, त्यानं स्वतःच्या मुलीच्या वेळी हात मागे घेतला. तिला फार राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं.

अप्पा अंगणात मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, वेल सुतळीनं बांधत होते. स्मृती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि प्रस्तावना न करता तिनं विचारलं की सगळ्यांचे खडे काढलेत, मग सुयशचाच का ठेवलात. तुला कसं कळलं, हे अप्पांनी विचारलं नाही. त्यांनी सुतळीची गाठ पुरी केली, मग ती सोडली आणि पुन्हा बांधली.

"मुलगा चांगला आहे," ते शेवटी म्हणाले.

तुम्हाला काय माहीत, असं ती तुटकपणे म्हणाली, तेव्हा हळूहळू, एकेक शब्द विहिरीतून काढावा तसं, बाहेर आलं. त्या जेवणानंतर अप्पा हूटगळ्ळीला तीनदा जाऊन आले होते. सिटी बसनं चाळीस मिनिटं लागतात. सुयशच्या घरासमोरच्या कट्ट्यावर बसून बघितलं. गॅलरीत तुळस आहे, रोज पाणी घालतो. शेजारच्या म्हातारीचं गॅस सिलिंडर वर नेऊन देतो. तिसऱ्या वेळी तोच खाली आला, ओळखलं, आणि काही न विचारता ताकाचा पेला हातात दिला. "स्मृतीला सांगू नको म्हटलं," अप्पा म्हणाले. "त्यानं सांगितलं नाही?"

सुयशनं अवाक्षर काढलं नव्हतं. दिसेल तो खडा बोलून दाखवणारा माणूस, आणि एवढी मोठी गोष्ट महिनाभर पोटात ठेवून बसला होता. स्मृतीचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला आणखीनच राग आला.

"मग का ठेवलात अप्पा?"

"काढायला गेलो होतो." त्यांनी आपल्या चिमटीकडे बघितलं. "मग वाटलं, हा काढला की तू जाणार. बाकीच्या पोरी जायच्याच होत्या. तुझ्या वेळी हात चाललाच नाही."

तिला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं. दोन्ही न करता तिनं त्यांच्या हातातली सुतळी काढून घेतली. आत्या आत बसलीय, ती म्हणाली, तुम्हाला मुलगा पसंत नाही असं समजून. हे मला नाही, तिला जाऊन सांगायचं, आणि तोंडानं सांगायचं. अप्पांनी वेलाकडे आशेनं पाहिलं, पण वेलाला बांधायचं काही उरलं नव्हतं.

ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. पाठोपाठ स्मृती. आत्यानं मान वर केली.

"अक्का," अप्पा म्हणाले, "मुलगा चांगला आहे. खडा मी मुद्दाम ठेवला. ही गेली की घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरत नाही."

"आणि मी कोण? भिंत काय?"

"तू विचारत नाहीस अक्का," अप्पा म्हणाले. "तू खडा घालतेस. सुप्रीताच्या वेळी खिडकीत तू उभी होतीस ते मला दिसलं होतं. म्हटलं, आता तरी विचारेल. तू पुढच्या खेपेला पुन्हा खडा घातलास."

आत्यानं सूप बाजूला ठेवलं. तिनं पदरानं डोळे पुसले, घसा साफ केला, आणि शाळेत नापास मुलीला उभं करायची त्या आवाजात नव्हे, अगदी साध्या आवाजात विचारलं, "जगन्नाथ, सुयश तुला पसंत आहे का?"

"पसंत आहे," अप्पा म्हणाले.

स्मृती फोन शोधायला वळली. पण अप्पा दारातून हलले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठी होती, आणखी काहीतरी आठवत असल्यासारखी. लग्न मोठ्या हॉलमध्ये नको, ते म्हणाले, लोक ओरडून बोलतात. वाजंत्री लावायची तर एकच तास. श्रीवत्साला माझ्या शेजारी बसवा, तो गप्प असतो. फ्रिजवरचा तो कागद आता काढा, बाटली काढताना आडवा येतो.

"आणि अक्का," अप्पा म्हणाले, "तुझी हुळीची आमटी गेली वीस वर्षं आंबट होते."

आत्यानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. "स्मृती," ती म्हणाली, "फोन नंतर कर. आधी ह्याला थांबव."